फॅरडे यांच्या टेबलावरची वीज

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पत्र्याची एक लहान पेटी तुम्ही पाहिली असेल. तिला बॅटरी एलिमिनेटर म्हणतात. भिंतीवरच्या बटणातून येणारी वीज ती आत घेते आणि प्रयोगाला हवी तेवढीच बाहेर देते. तिच्यावर एक खटका असतो. तो फिरवला की २ व्होल्ट, ४ व्होल्ट, ६ व्होल्ट असा दाब बदलता येतो. तुम्ही खटका फिरवता, तारा जोडता आणि प्रयोग सुरू करता. ही वीज कुठून आणायची, किती आणायची, ती पुरेल की नाही, असले प्रश्न तुम्हांला पडत नाहीत.

आता अशी कल्पना करा की भिंतीवर बटण नाही, घरात तार नाही, गावात वीजघर नाही. दुकानात टॉर्चचे सेलही मिळत नाहीत. तुम्हांला विजेचे प्रयोग मात्र करायचे आहेत. मग तुम्ही काय कराल?

ज्याच्यापुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला अशा एका मुलाची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. त्याचे वडील लोहार होते. त्यांची प्रकृती नेहमी बिघडलेली असे, त्यामुळे कामाचे खाडे होत आणि घरात पैशांची चणचण असे. १८०१ साली धान्य फार महागले. त्या वेळी नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई. तोच त्याने सात दिवस पुरवायचा! शाळेत तो जेमतेम लिहायला, वाचायला आणि बेरीज-वजाबाकी करायला शिकला.

तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. सुरुवातीला त्याचे काम घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवण्याचे होते. पुढच्या वर्षी मालकाने त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी ठेवून घेतले. तुम्ही ज्याला जिल्दसाज म्हणता, त्याचेच हे काम. ते शिकण्याची मुदत सात वर्षांची होती. एरवी उमेदवाराकडून पैसे घेत. पण मुलगा कामाला चोख आहे हे पाहून रिबोने त्याच्याकडून काही घेतले नाही.

बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचून काढू लागला. एकदा त्याच्या हाती ब्रिटानिका ज्ञानकोशाचा एक खंड आला. त्यात विजेवर लेख होता. जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्राचे एक पुस्तकही त्याने वाचले. नुसते वाचून त्याचे समाधान होईना. पुस्तकात लिहिले आहे ते खरे आहे का, हे त्याला स्वतः करून पाहायचे होते. आणि इथेच अडले. वीज आणायची कुठून?

त्या काळी वीज मिळवण्याचे मुख्यतः दोन मार्ग होते. पहिला जुना होता. काचेचा गोळा किंवा चकती फिरवायची आणि ती कातड्यावर घासायची. घर्षणाने वीज निर्माण होई. ती काचेच्या बरण्यांत साठवत आणि मग एकदम सोडत. ठिणगी मोठी पडे, अंगाला झटका बसे. पण क्षणात सगळे संपून जाई. दुसरा मार्ग इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली दाखवला होता. जस्ताची एक चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापडाचा तुकडा, त्यावर तांब्याची किंवा चांदीची चकती, पुन्हा जस्त, पुन्हा ओला तुकडा, अशी चळत रचायची. चळतीच्या दोन टोकांना तारा जोडल्या की वीज वाहू लागते आणि वाहत राहते. जस्त, तांबे, पारा ही नावे तुमच्या उर्दूतही जवळपास अशीच आहेत. ती लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

मायकेलने दुसरा मार्ग निवडला. त्याने जस्ताचा पत्रा आणून त्याच्या सात गोल चकत्या कापल्या. तांब्यासाठी त्याने खिशातले पैसे वापरले. म्हणजे पैसे खर्च केले असे नव्हे, पैशांच्याच चकत्या केल्या! इंग्लंडमधले अर्ध्या पेनीचे नाणे तांब्याचे होते. तशी सात नाणी त्याने घेतली आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे मध्ये ठेवले. सहा कागद, म्हणजे एकावर एक ठेवलेले सहा घट झाले. ही वीज त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात सोडली. तारेभोवती बुडबुडे येऊ लागले आणि थोड्या वेळाने स्वच्छ द्रावण गढूळ झाले. विजेने पदार्थाचे घटक वेगळे केले होते. १८१२ च्या जुलैत मायकेलने आपल्या एका मित्राला पत्र लिहून हे सारे कळवले. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी दुकानात येणाऱ्या एका गृहस्थाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळातले नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, आकृत्या काढल्या, सगळे सुवाच्य अक्षरात उतरवले आणि स्वतःच बांधून त्याचे पुस्तक केले. ते पुस्तक त्याने नोकरीच्या अर्जासोबत डेव्हींकडे पाठवले. १ मार्च १८१३ रोजी त्याची संस्थेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, शिवाय राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या.

सात नाण्यांची चळत रचणाऱ्या या तरुणासमोर आता केवढी बॅटरी होती, पाहा. चिनी मातीच्या २०० पेट्या, प्रत्येक पेटीत तांबे-जस्ताच्या दहा जोड्या, म्हणजे एकूण २,००० जोड्या! त्या आम्लाने भरल्या आणि टोकाच्या तारांना कोळशाच्या कांड्या लावल्या, की दोन कांड्यांमध्ये डोळे दिपवणारी ज्योत उठे. लोक ती पाहायला गर्दी करत. पण ही बॅटरी सांभाळणे सोपे नव्हते. आम्ल भरायचे, ओतायचे, पत्रे धुवायचे. जस्त सतत झिजे. तांब्याच्या पत्र्यावर वायूचे बुडबुडे जमत आणि वीज हळूहळू मंदावे. प्रयोग सुरू करताना जेवढी वीज असे तेवढी अर्ध्या तासाने राहीलच, याचा भरवसा नसे. मोठी बॅटरी म्हणजे मोठा खर्च आणि मोठी कटकटही.

१८१३ ते १८१५ या काळात डेव्हींबरोबर फॅरडे युरोपच्या प्रवासाला गेले. प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्यांना नोकरासारखे वागवले, हे त्यांना फार लागले. परंतु याच प्रवासात मिलान शहरी त्यांना वृद्ध व्होल्टांना भेटता आले. आज आपण विजेचा दाब ज्या व्होल्टमध्ये मोजतो, ते नाव याच व्होल्टांवरून आले आहे.

आता फॅरडे यांचे पुढचे काम समजण्यासाठी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. विजेचा दाब निराळा आणि वाहणाऱ्या विजेचे प्रमाण निराळे. गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी खूप उंचावर आहे, पण नळ सुईसारखा बारीक आहे. पाणी जोराने येईल, पण बादली भरायला तास लागेल. उलट टाकी फक्त हातभर उंच आहे, पण नळ हाताएवढा रुंद आहे. पाण्याला जोर नसेल, तरी बादली चटकन भरेल. विजेचेही असेच असते. लहान पत्र्यांच्या पुष्कळ जोड्या एकापुढे एक जोडल्या तर दाब वाढतो. मोठ्या पत्र्यांची एकच जोडी घेतली तर दाब एका व्होल्टच्या आसपासच राहतो, पण प्रवाह मोठा मिळतो. रेडिओतल्या ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीने मोटारगाडी सुरू होत नाही आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीने होते, याचे कारण दाबातला ३ व्होल्टांचा फरक हे नाही. छोटी बॅटरी तेवढा प्रवाह देऊच शकत नाही.

१८२० साली डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञाला आढळले, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. युरोपभर खळबळ उडाली. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरडे यांनी या विषयाला हात घातला. तारेला चुंबकाभोवती सतत फिरत ठेवता येईल, असे त्यांना वाटत होते. एका भांड्यात पारा घेऊन त्यांनी मधोमध चुंबक उभा केला आणि वरून एक तार अशी लोंबती सोडली, की तिचे टोक पाऱ्याला टेकावे.

यासाठी वीज कोणती घ्यायची? संस्थेत एवढी मोठी बॅटरी होती. माझ्यासारखा माणूस मोहात पडून तीच जोडून बसला असता. फॅरडे यांनी तसे केले नाही. जाड तार आणि पारा यांतून वीज सहज वाहते, तिथे जास्त दाबाची गरजच नाही. गरज आहे ती भरपूर प्रवाहाची. म्हणून त्यांनी अमेरिकेतील डॉ. हेअर यांनी तयार केलेले उपकरण निवडले. खूप मोठ्या पत्र्यांची ती जणू एकच जोडी होती. वीज सुरू होताच तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली. पंखा, शिलाईयंत्र, पिठाची गिरणी यांतील विजेच्या मोटारींची सुरुवात या पाऱ्याच्या भांड्यातून झाली आहे. त्यांचा लहान मेहुणा तेथे होता. फॅरडे आनंदाने टेबलाभोवती नाचू लागले होते, असे त्याने पुढे सांगितले. काम संपल्यावर ते त्याला सर्कस पाहायलाही घेऊन गेले.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. वोलास्टन नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ अशाच काही कल्पनेवर विचार करत होते. फॅरडे यांनी ती कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. वास्तविक दोघांचे प्रयोग वेगळे होते. परंतु एका लोहाराच्या मुलाला अशा आरोपाला उत्तर देणे किती कठीण गेले असेल! १८२४ साली रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा ज्यांनी त्यांना आधार दिला होता त्या डेव्हींनीच विरोध केला. फॅरडे यांनी मात्र डेव्हींबद्दलचा आदर कधी सोडला नाही.

विजेमुळे चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षे होता. १८२५ साली त्यांनी प्रयत्न केले आणि हाती काही लागले नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी पुन्हा प्रयोग मांडला. सहा इंच व्यासाची एक मऊ लोखंडाची कडी घेतली. तिच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळले, दुसऱ्या बाजूला वेगळे वेटोळे गुंडाळले. पहिल्या वेटोळ्याला दहा जोड्यांची बॅटरी जोडली. दुसऱ्याची तार चुंबकसूचीजवळून नेली. बॅटरी जोडताक्षणी सूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी काढताना पुन्हा हलली. मधल्या काळात वीज वाहत होती, पण सूची स्वस्थ होती.

हा परिणाम इतका क्षणिक का? बॅटरी कमी पडते आहे का? ऑक्टोबरमध्ये त्यांनी लाकडी ठोकळ्यावर दोन वेटोळी गुंडाळली, प्रत्येकाची तार २०३ फूट लांब, आणि १०० जोड्यांची बॅटरी जोडली. पुढे १२० जोड्यांचीही जोडून पाहिली. वीज एवढी जोरदार होती की वेटोळे तापले. सूची मात्र जोडताना आणि काढताना जराशी हलली, तेवढीच. म्हणजे बॅटरी वाढवून उपयोग नव्हता. विजेचे असणे महत्त्वाचे नव्हते, तिचे बदलणे महत्त्वाचे होते. चुंबकत्व वाढत असताना किंवा कमी होत असतानाच दुसऱ्या तारेत वीज निर्माण होते.

हे उमगल्यावर १७ ऑक्टोबरला त्यांनी बॅटरी बाजूलाच ठेवली. पोकळ नळीवर गुंडाळलेल्या वेटोळ्यात त्यांनी एक साधा चुंबकाचा दांडा झटकन सरकवला. सूची हलली. बाहेर काढला, पुन्हा हलली. आम्ल नाही, जस्त नाही, नुसती हाताची हालचाल! थोड्याच दिवसांनी मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये त्यांनी तांब्याची चकती फिरवली आणि तिच्यातून अखंड वीज मिळवली. ते पहिले विद्युतजनित्र होते.

तुमच्या प्रयोगशाळेतली ती पत्र्याची पेटी आठवते ना? तिच्या आतही लोखंड आहे आणि त्यावर तारेची दोन वेटोळी आहेत. भिंतीतली वीज दर सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते, म्हणून दुसऱ्या वेटोळ्यात सतत वीज मिळते. फॅरडे यांना हाताने बॅटरी जोडावी आणि काढावी लागत होती, एवढाच फरक.

या सुमारास त्यांच्यापुढे दुसरीही एक निवड आली. कारखानदार आणि सरकारी खाती त्यांच्याकडून पदार्थांची तपासणी करून घेत आणि चांगले पैसे देत. संस्थेचा पगार वर्षाला अवघा १०० पौंड, शिवाय घर, कोळसा आणि मेणबत्त्या. बाहेरच्या कामांतून याच्या कितीतरी पट मिळकत होत असे. पण दिवसाचे तास तेवढेच. फॅरडे यांनी बाहेरची कामे जवळजवळ बंद केली. पत्नी सारा यांनीही त्याबद्दल कुरकुर केली नाही.

१८३३ साली त्यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. घर्षणाची वीज, बॅटरीची वीज, चुंबकाची वीज, उष्णतेची वीज, माशाच्या अंगातली वीज, या सगळ्या एकच की वेगवेगळ्या? त्यांच्याकडे ५० इंच व्यासाच्या काचेच्या चकतीचे घर्षणयंत्र होते. ते ३० वेळा फिरवून त्यांनी १५ बरण्या भरल्या आणि ती वीज चुंबकसूचीजवळून सोडली. सूची किती वळते ते पाहून ठेवले. मग प्लॅटिनमची एक आणि जस्ताची एक अशा दोन बारीक तारा घेतल्या. चार औंस पाण्यात आम्लाचा फक्त एक थेंब टाकला आणि तारांची टोके त्यात अर्ध्या इंचाहून किंचित जास्त बुडवली. खिशातल्या घड्याळाचे आठ ठोके, म्हणजे तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ, एवढ्यात सूची तितकीच वळली!

विचार करा. एकीकडे खोली व्यापणारे यंत्र, ज्याची ठिणगी पाहून माणूस दचकावा. दुसरीकडे दोन तारांची टोके, जिचा झटका बोटालाही जाणवणार नाही. तरी विजेचे प्रमाण सारखेच. यंत्राच्या विजेला दाब प्रचंड, पण ती असते थोडीच. गव्हाच्या दाण्याएवढे पाणी विजेने फोडायचे तर १५ बरण्यांचा तो संच ८ लाख वेळा भरावा लागेल, असा हिशेब त्यांनी मांडला. वीज एकच आहे, फक्त दाब आणि प्रमाण यांत फरक आहे, हे त्यांनी दाखवून दिले. माशाची परीक्षा मात्र १८३८ मध्ये झाली. लंडनमध्ये एक विजेचा मासा आणला होता, वाम माशासारखा लांबट, ४० इंचांचा. फॅरडे यांनी त्याच्या पाण्यात हात घालून स्वतः झटके सोसले आणि त्याच्या विजेने सूची वळवूनही दाखवली.

रोजच्या कामासाठी बॅटरी तर लागतच होती. १८३५ मध्ये त्यांनी बॅटरीची एक सुधारलेली रचना तयार केली. तीत पत्रे जवळजवळ बसवलेले होते आणि काम नसताना सगळ्या पत्र्यांवरचे आम्ल एकदम काढून घेता येई. तीन इंची पत्र्यांच्या ४० जोड्या चार इंची पत्र्यांच्या जुन्या ४० जोड्यांइतकेच काम देत आणि जस्तही कमी खर्च होई. मग त्यांना कळले, की डॉ. हेअर यांनी असेच काहीसे आधीच केलेले आहे. त्यांनी आपल्या लेखात हे मोकळेपणाने लिहिले आणि श्रेय हेअर यांना दिले. चोरीचा आरोप सोसलेल्या माणसाचे हे वागणे मला त्यांच्या शोधांइतकेच मोठे वाटते. बुडबुड्यांचा त्रास मात्र त्यांचे मित्र डॅनियल यांनी १८३६ मध्ये मोरचुदाचे द्रावण वापरून दूर केला. डॅनियल यांच्या घटाची वीज तासन् तास एकसारखी राही. या घटाची माहिती त्यांनी जगाला दिली, ती फॅरडे यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपाने.

म्हातारपणी फॅरडे यांची स्मरणशक्ती कमी होत गेली. तरीही इंग्लंडच्या दीपगृहांचे सल्लागार म्हणून ते काम करत होते. होम्स नावाच्या गृहस्थाने वाफेच्या इंजिनाने चुंबकयंत्र फिरवून विजेचा दिवा लावण्याची योजना मांडली. १८५७ साली फॅरडे यांनी ते यंत्र तपासले आणि अनुकूल मत दिले. ८ डिसेंबर १८५८ रोजी साउथ फोरलँड येथील दीपगृहात तो दिवा लागला. चुंबकापासून मिळालेली वीज आता समुद्रावरच्या खलाशांना वाट दाखवत होती. १८६० च्या हिवाळ्यात फॅरडे तो दिवा पाहायला निघाले, तेव्हा रस्ते बर्फाने बंद झाले होते. अडुसष्ट वर्षांचा हा म्हातारा शेतांतून, कुंपणे आणि भिंती ओलांडत तेथे पोहोचला आणि दिव्याची तपासणी करूनच परतला.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी, आपल्या खुर्चीत बसलेले असताना, फॅरडे यांचे निधन झाले. सहा इंच व्यासाची ती लोखंडी कडी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेली आहे. तारेचे वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांनी मध्ये घातलेली सुतळी आणि कापड आजही तिच्यावर दिसते.